शब्दचर्चा : शेलफिशच्या प्रथिनांतली ‘अँटी-इन्फ्लमेटरी पेप्टाइडे’

प्रश्न :
आरोग्य पुरवणीसाठी अँटी-इन्फ्लमेटरी पेप्टाइडांवरचा, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांवरचा, एक लेख मराठीत आणते आहे. शीर्षकाचा कच्चा मसुदा असा : ‘शिंपल्यांपासून मिळणारी दाहनाशक पेप्टाइडे’. ‘दाह’ ठेवावा की ‘शोथ’? आणि शेलफिशला (कोळंबी, खेकडे, तिसऱ्या वगैरे) सगळ्यांना कळेल असा एकच शब्द आहे का?

उत्तर :
आधी ‘शिंपल्यांपासून’ बदला. शिंपला म्हटले की डोळ्यांपुढे कवच येते, आणि मुक्ताशुक्ती भस्म माहीत असलेला वाचक तर थेट तिकडेच वळेल. ते भस्म कवचाचे, म्हणजे मुख्यतः कॅल्शियमचे. कोळंबी-खेकड्यांच्या कवचातल्या कायटिनपासून सांध्यांसाठी विकले जाणारे ग्लुकोसमाइन करतात, तेही प्रथिन नव्हे. तुमचा विषय आतल्या मांसाचा आहे.

एकच शब्द शोधत बसू नये असे मला वाटते. कोळंबी, खेकडे, शेवंड हे कवचधारी; तिसऱ्या, कालवे, शिनाणे हे मृदुकाय. दोन्ही गट एकमेकांपासून बरेच दूरचे आणि दोन्ही माशांपासून वेगळे. लेखात ज्या जिवाची गोष्ट असेल त्याचे नाव लिहा. दोन्ही गट हवे असतील तर ‘कोळंबी, तिसऱ्या यांसारखे जलचर’ एवढे पुरते.

आता दाह. चरकसंहितेतल्या पन्नास महाकषायांत, म्हणजे औषधी द्रव्यांच्या वर्गांत, ‘दाहप्रशमन’ आणि ‘श्वयथुहर’ असे दोन वेगळे गट आहेत. पहिल्यात चंदन, वाळा, म्हणजे अंगाची आग शमवणारी द्रव्ये. दुसऱ्यात दशमुळे, म्हणजे सूज उतरवणारी. इन्फ्लमेशनमध्ये आग, सूज, लाली, ठणका सगळेच येते. म्हणून मराठी विश्वकोशाने ‘शोथ’ लिहून कंसात ‘दाहयुक्त सूज’ असा उलगडा केला, तो मला फार नेमका वाटतो. नुसते ‘दाह’ लिहिले तर घरोघरी छातीतली जळजळ समजतील, आणि हे ॲसिडिटीवरचे औषध आहे असा गैरसमज होईल.

‘नाशक’ मात्र अजिबात नको. वेदनाशामक आपल्या सवयीचा आहे, त्याच वळणाचा ‘शोथशामक’ चालेल. नाशक म्हटले की रोग संपवल्याचा दावा होतो, आणि इथे पुरावा तेवढा नाही. या संशोधनात बहुतेकदा मांसातली प्रथिने पेप्सिन, ट्रिप्सिन, अल्कलेज अशा विकरांनी (एन्झाइमांनी) तोडतात. मूळ लांब साखळीत जे तुकडे निष्क्रिय असतात ते सुटे झाल्यावर काम करू लागतात. मग उंदराच्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या संरक्षक) पेशींना जिवाणूंच्या आवरणातल्या एका घटकाने डिवचून, हे तुकडे घातल्यावर नायट्रिक ऑक्साइड, टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ हे शोथाचे संदेशरेणू कमी होतात का ते मोजतात. कोरियन संशोधकांनी २०१३ साली मायटिलस कोरस्कस या आपल्या शिनाण्यांच्या नात्यातल्या जीवापासून दहा अमिनो आम्लांचे एक पेप्टाइड वेगळे केले, तेही नायट्रिक ऑक्साइड रोखते एवढ्याच कसोटीवर. काचेच्या बशीतल्या पेशीला ना सूज येते ना आग होते. अशा वाक्यात ‘शोथ घडवणारे संदेशरेणू कमी करते’ असे सरळ लिहावे. गुडघेदुखीच्या रुग्णाला वाचताना खोटी आशा लागू नये, हे शब्द निवडणाऱ्याच्याच हातात असते.

आणखी एक उत्तर :
वरच्या उत्तराशी सहमत, फक्त ‘शोथ’ पहिल्यांदा येईल तिथे ‘दाहयुक्त सूज’ जोडाच. मराठीत तो हिंदीइतका रुळलेला नाही. शिवाय शिनाण्यांचा अर्क सांधेदुखीसाठी बाजारात मिळतो. न्यूझीलंडच्या हिरव्या शिनाण्यांचे तेल म्हणजे ओमेगा-३ स्निग्धाम्ले, पेप्टाइडे नव्हेत. लेखात दोन्ही आले तर ‘अर्क’ हा एकच शब्द दोघांना वापरू नका. एकाला ‘तेल’ म्हणा, दुसऱ्याला ‘प्रथिनांचे तुकडे’.

प्रश्नकर्ती :
मग शीर्षक असे करते : ‘तिसऱ्या-कोळंबीच्या प्रथिनांतून शोथशामक पेप्टाइडे’. पेप्टाइड नपुंसकलिंगीच ना?

उत्तर :
हो, ते पेप्टाइड, ती पेप्टाइडे. आणि एक चौकट अवश्य टाका : कोळंबी-खेकड्यांच्या ॲलर्जीचे मुख्य कारण ट्रोपोमायोसिन हे स्नायूंतले प्रथिनच आहे, आणि ते शिजवूनही टिकते. प्रथिन तोडले म्हणजे ॲलर्जीचा धोका गेला असे गृहीत धरता येत नाही. तिथे ‘वावडे’ लिहू नका, न पचणाऱ्या पदार्थालाही लोक तेच म्हणतात. ‘ॲलर्जी’च लिहा.