मदत हवी आहे: फणसाच्या फळ्यांचा ओटा

मंडळी, गुहागरजवळच्या जुन्या घरात स्वयंपाकघराचा ओटा स्वतःच करायला घेतलाय. वादळात पडलेल्या फणसाच्या दीड इंच जाडीच्या चार फळ्या आहेत. टोकांना मेण लावून, मध्ये पट्ट्या घालून दीड वर्षं पडवीत रचून ठेवल्या होत्या. उन्हाळ्यात अगदी सरळ, या पावसाळ्यात मात्र दोघींना बाक आलाय.

सुतारकाका म्हणतात, "खालून आडव्या पट्ट्या ठोक, जातात कुठे!" पण लाकूड रुंदीत फुगतं-आकसतं, घट्ट ठोकलं तर तडकणारच. म्हणून पट्ट्यांना लांबट भोकं पाडून वायसरसकट स्क्रू बसवायचा विचार आहे. ओट्याची रुंदी 24 इंच. भोकं किती लांब ठेवू? आणि बाकदार फळ्या उभ्या चिरून अरुंद पट्ट्या जोडू, की रंधा मारून भागेल?

दुसरं म्हणजे तेल. दुकानातल्या 'उकळलेल्या' जवसाच्या तेलात बहुधा धातूंचे ड्रायर (तेल लवकर वाळवणारी रसायनं) घातलेले असतात, ते पोळपाटाखाली नको. कच्चं तेल वाळायला आठवडे घेतं, आणि कोकणातली दमट हवा म्हणजे बुरशीला आमंत्रणच. वर मधमाशांचं मेण लावून कोणी पावसाळा काढलाय का?

सिंकपाशी दगडच घालणार. आई कडप्प्यावर अडून बसलीय, पण तो चुनखडीचा, आंबटानं खराब होतो. आमच्याकडे कोकम-लिंबू रोज सांडतं, आठवड्यात चट्टे पडतील. मी ग्रॅनाइट म्हणतोय. फक्त लाकूड आणि दगड यांच्यामधल्या फटीत काय भरता, तेवढं सांगा.