मदत हवी आहे: जेलीफिनची लायब्ररी नव्या ८ टीबी ड्राइव्हवर न्यायची आहे, लांब मराठी नावांच्या फायली कॉपी होत नाहीत

बोरीकाठ (धागाकर्ता)

अमळनेरला घरी एका जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन (घरचे व्हिडिओ-सिनेमे टीव्ही-फोनवर दाखवणारा सर्व्हर) चालवतो. डेबियन लिनक्स आहे, आतली एसएसडी फक्त सिस्टिमपुरती, आणि यूएसबीला दोन एक्स्टर्नल ड्राइव्ह. एक ४ टीबीची, विंडोजच्या काळापासूनची, म्हणून एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम). दुसरी २ टीबीची, ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम). दोन्ही मिळून ५ टीबीच्या आसपास माल आहे आणि जागा संपली आहे. त्यातच ४ टीबीवालीच्या स्मार्ट अहवालात (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीचा देते तो) १९७ नंबरच्या ओळीला, म्हणजे पेंडिंग सेक्टरला, आता ८ दिसतात. आधी शून्य असायचे.

८ टीबीच्या दोन ३.५ इंची सीएमआर (ट्रॅक एकावर एक न चढवणाऱ्या) ड्राइव्ह घेतल्या आहेत, आणि दोन खणांचा यूएसबी डॉक.

अर्ध्याहून जास्त जागा सिनेमे-मालिकांनी खाल्ली आहे, त्याचं काही नाही. बाकीचं घरचं आहे: व्हीएचएसवरून उतरवलेली लग्नं, मिनीडीव्ही कॅसेटींवरून घेतलेली आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी, कानबाईची स्थापना, गल्लीतली भजनं. मिनीडीव्हीचं रेकॉर्डिंग तासाला १३ जीबीच्या घरात जातं, त्यामुळे हा भागही मोठा आहे. सुरतेला असलेले काका आणि आत्या टेलस्केलवरून (इंटरनेटवरचं खाजगी नेटवर्क) हेच बघत असतात. आत्याने फेवरिट करून ठेवलेल्या गाण्यांची यादी गेली तर मला आखाजीला घरात घेणार नाहीत.

अडचण अशी. एनटीएफएसवरून नव्या ईएक्सटी४ ड्राइव्हवर आरसिंक (कॉपीची कमांड) लावून पाहिलं तर सिनेमे बिनबोभाट जातात, पण घरच्या बऱ्याच फायलींवर 'फाइल नेम टू लाँग (३६)' येतं. नावं वडिलांनी दिलेली आहेत, ती लांब आहेत हे मान्य. पण आत्तापर्यंत त्याच नावांनी चालत होतं ना? एक नमुना:

२००४ आखाजी - आजी आणि गल्लीतल्या बायांची झोक्यावरची गाणी, मध्ये वीज गेली, नंतर गौराई बोळवण, कॅसेट दुसरी.एव्हीआय

(एक्स्टेन्शन अर्थात रोमन आहे.)

दुसरं, दोन ड्राइव्हचं रेड १ (दोन्हींवर सतत तोच माल, आरशासारखा) करावं का? आणि तिसरं, जागा बदलल्यावर जेलीफिनमधल्या पाहिलेल्याच्या खुणा, फेवरिट, हाताने लावलेली पोस्टरं टिकवायची कशी?

तापीथडी

बाकी सगळं नंतर. १९७ ला आकडा आला म्हणजे ड्राइव्हला काही सेक्टर वाचता येत नाहीयेत. आकडा लहान आहे, पण शून्याचे आठ झालेत हे जास्त महत्त्वाचं. आता त्या ड्राइव्हवर काहीही लिहू नका, 'रीड-ओन्ली' (फक्त वाचण्यापुरती) माउंट करा, म्हणजे जोडा. विंडोजला लावून चेकडिस्क चालवायचा सल्ला कुणी देईल, तो तर अजिबात ऐकू नका. दुखऱ्या ड्राइव्हवर दुरुस्तीचे प्रयोग करायचे नसतात, आधी माल बाहेर काढायचा.

आणि क्रम उलटा करा. तुम्ही फोल्डरच्या नावाच्या क्रमाने कॉपी लावली असणार, म्हणजे सिनेमे आधी. सिनेमे परत मिळतील, २००४ ची आखाजी मिळणार नाही. आधी घरचं फोल्डर, मग उरलेलं.

जी फाइल वाचताना आरसिंक अडखळेल ती त्याच्या यादीत येईल. तिच्यावर आरसिंक पुन्हा पुन्हा चालवत बसू नका, तिथे जीएनयू डीडीरेस्क्यू (खराब ड्राइव्हमधून डेटा काढणारं साधन). तो आधी सोपा भाग उचलतो आणि खराब तुकड्यांकडे शेवटी वळतो, शिवाय मॅपफाइल (कुठवर वाचलं याची नोंद) ठेवली तर मध्येच थांबवून तिथूनच पुढे चालू करता येतं. मॅपफाइल दुखऱ्या ड्राइव्हवर ठेवू नका म्हणजे झालं.

पांझरापलीकडची

नावांचं कोडं सोपं आहे. एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककांची. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे एकच एकक धरतं, पण काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजायचे. ईएक्सटी४ ची मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे हाताशी उरली ८५ चिन्हं. इंग्रजी नावं देणाऱ्याला ही भिंत आयुष्यात लागत नाही, म्हणून इंग्रजी मदतपानांवर याचा फारसा उल्लेखही सापडत नाही.

तुमचं नमुन्याचं नाव मोजलं. एक्स्टेन्शनसकट १०६ एककं, एनटीएफएसला किरकोळ. बाइटमध्ये मात्र २७०. नुसतं 'मध्ये वीज गेली' आणि त्यामागचा स्वल्पविराम काढला तर २३० वर येतं. वीज जाणं ही काही खान्देशात नोंद करायची गोष्ट नाही, काढायला हरकत नसावी. :)

एक्सएफएस किंवा बीटीआरएफएस या लिनक्सच्या दुसऱ्या फाइल सिस्टिम घेऊन सुटका नाही, तिथेही २५५ बाइटच. नवी ड्राइव्ह एनटीएफएस करणं हा एक मार्ग आहे, पण सर्व्हर लिनक्सचा असताना मी करणार नाही. परवानग्या, हार्डलिंक (एकाच फाइलची दोन नावं), दुरुस्तीची साधनं, सगळीकडे पाय अडखळतो.

आधी यादी काढा: फाइंड कमांडने नुसती नावं छापायची आणि ऑक कमांडला लांबी मोजायला सांगायची, पण लोकेल (भाषेची सेटिंग) 'सी' ठेवून. नाहीतर ऑकच्या काही आवृत्त्या चिन्हं मोजतात, बाइट नाही, आणि यादी रिकामी येईल. फोल्डरांची नावंही त्यात धरा. कमांड रोमनमध्ये व्यनि (खाजगी निरोप) केली आहे. नावं २५५ ला टेकवू नका, २३०-२४० वर थांबा. जेलीफिन एनएफओ (व्हिडिओच्या माहितीची फाइल) आणि चित्रं फाइलशेजारी ठेवत असेल तर मूळ नावाला '-थंब.जेपीजी' असं शेपूट लागतं, ते बसायला हवं.

आणि वडिलांनी लिहिलेलं मूळ नाव टाकून देऊ नका. ते एनएफओमधल्या वर्णनात पूर्ण घाला. तिथे ही मर्यादा नाही, आणि पडद्यावरही ते दिसतं.

डबलबॅकअप

रेड १ करा, विषय संपला. एक ड्राइव्ह गेली तर दुसरी आहेच.

तापीथडी

विषय तिथेच सुरू होतो हो. एकाच डॉकमध्ये, एकाच अडॅप्टरवर, एकाच यूएसबी केबलने दोन्ही ड्राइव्ह. केबल हलली की दोन्ही एकदम गायब आणि मग तासन् तास रीसिंक. शिवाय चुकून फोल्डर उडालं तर आरशात तेच उडतं. ५ टीबी माल ८ च्या एका ड्राइव्हवर आरामात बसतोय. एक चालू ठेवा, दुसरी आठवड्यातून एकदा लावून आरसिंक करा आणि काढून कपाटात. घरच्या रेकॉर्डिंगची आणखी एक प्रत सुरतेला. भुसावळकडून सुरतेच्या गाडीत घरातलं कुणी ना कुणी बसतच असेल.

डबलबॅकअप

डॉकचं माझ्या लक्षात नव्हतं आलं. आत साटाला (मदरबोर्डवरच्या जोडणीला) थेट लावलेल्या ड्राइव्हसाठी माझं मत कायम आहे. यूएसबीवर नको, मान्य.

मनमाड_जंक्शन

जेलीफिनच्या बाजूने लिहितो. त्याच्या दृष्टीने फाइलची ओळख म्हणजे तिचा पूर्ण पत्ता. पत्ता बदलला की ती फाइल नवी. सिनेमाला टीएमडीबीचा (सिनेमांच्या ऑनलाइन सूचीचा) क्रमांक चिकटलेला असतो, त्यामुळे पाहिल्याची खूण बहुधा परत जुळते. घरच्या व्हिडिओला असा क्रमांक नसतो, म्हणून आत्यांची यादी जाते ती तिथे. म्हणून पत्ता बदलूच नका.

तुमच्या आधीच्या दोन माउंट जागा असतील, समजा मीडिया१ आणि मीडिया२. नवी ड्राइव्ह तिसऱ्याच जागी माउंट करा, तिच्यात दोन फोल्डर करा, आणि एफएसटॅबमध्ये (माउंटची यादी असलेल्या फाइलमध्ये) बाइंड माउंट (एक फोल्डर दुसऱ्या पत्त्यावरही दाखवणं) लावून ती फोल्डरं जुन्या दोन जागांवर आणा. जेलीफिनला काही घडल्याचं कळतही नाही. एफएसटॅबमध्ये ड्राइव्ह यूयूआयडीने (तिच्या कायमच्या ओळख क्रमांकाने) लिहा, कारण डॉक काढून लावला की 'एसडीबी'ची 'एसडीसी' होते. 'नोफेल' (ड्राइव्ह नसली तरी पुढे जा) घाला, नाहीतर ड्राइव्ह नसेल तेव्हा लॅपटॉप इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसेल.

'नोफेल'ची दुसरी बाजूही बघा. ड्राइव्ह माउंट झाली नाही तरी रिकामं फोल्डर तिथे असतं, आणि तेव्हा आरसिंक सुटला तर सगळा माल एसएसडीवर ओतून ती भरून टाकतो. उपाय: ड्राइव्ह नसताना त्या रिकाम्या फोल्डरला सीएचअ‍ॅटरने 'आय' (बदलबंदीचा) ध्वज लावा. मग तिथे रूटलाही (सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही) लिहिता येत नाही, ड्राइव्ह माउंट झाली की व्यवस्थित चालतं.

काम सुरू करण्याआधी जेलीफिन सेवा बंद करा आणि तिचं डेटा व कॉन्फिगचं फोल्डर वेगळीकडे कॉपी करून ठेवा. डेटाबेस चालू असताना केलेली कॉपी भरवशाची नसते. लायब्ररी स्कॅनचं वेळापत्रकही तात्पुरतं काढा, अर्धवट लायब्ररीवर स्कॅन फिरायला नको.

ज्या फायलींची नावं कापणार आहात त्यांचा पत्ता मात्र बदलणारच. त्यांचे फेवरिट हाताने परत लावावे लागतील. आत्यांच्या खात्यातली यादी आधीच कागदावर उतरवा.

पांझरापलीकडची

आरसिंकचं थोडं: 'ए' पर्यायासोबत मोठा 'एच' द्या, २ टीबीवालीत हार्डलिंक असतील तर त्यांच्या दोन-दोन प्रती होणार नाहीत. स्रोताच्या नावामागे तिरकी रेघ द्या, नाहीतर फोल्डरात फोल्डर तयार होऊन बाइंड माउंटचा पत्ता चुकतो. एनटीएफएसवरून येणाऱ्या फायलींच्या परवानग्या उगाच सताड उघड्या येतात, त्या कॉपीनंतर नीट करा. जेलीफिनच्या वापरकर्त्याला फाइल वाचायची आणि वरच्या प्रत्येक फोल्डरमध्ये शिरायची परवानगी हवी. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात.

आणि ईएक्सटी४ ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं. ८ टीबीवर ते ४०० जीबी होतात! नुसत्या डेटाच्या ड्राइव्हला त्याची गरज नाही, ट्यून२एफएस कमांडने शून्य करा. ड्राइव्ह ७.३ टीबीच दिसली तर दुकानदाराशी भांडू नका, तो फक्त दशमान आणि द्विमान मोजणीतला फरक आहे.

निवृत्त_वायरमन

भाऊ, हाई काम रातलेच कर. गंमत नाही. आमच्याकडे दुपारी पारा ४५ ओलांडतो, त्यात बंद डब्यातली २.५ इंची ड्राइव्ह सलग वाचत राहिली की चांगलीच तापते. बहुतेक ड्राइव्हच्या पत्रकात ६० ते ६५ अंश ही कमाल मर्यादा असते, पण मी ५० ला काम थांबवतो. पंखा तोंडावर लावा. सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने ५ टीबीला १४ तास लागतील, म्हणजे दोन रात्री धरा. डॉक यूएसबी २ च्या खाचेत गेला तर जवळपास दोन दिवस जातील.

विजेचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. लॅपटॉपला बॅटरी आहे, त्यामुळे वीज गेली तरी तो चालूच राहतो आणि माणूस निर्धास्त असतो. पण आता तुमच्या ड्राइव्ह ३.५ इंची, डॉकला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर. लॅपटॉप जागा आणि ड्राइव्ह मेलेली, तीही लिहिता लिहिता. जुन्या २.५ इंची ड्राइव्ह यूएसबीवरच चालायच्या, म्हणून हा प्रश्न तुम्हाला आजवर आला नसेल. डॉक इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या आणि इन्व्हर्टरचं मागचं बटण 'यूपीएस' मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात डॉक रीसेट होऊ शकतो.

बोरीकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. घरचं फोल्डर आधी काढलं, डॉक इन्व्हर्टरवर घेतला. नावांची यादी काढून वडिलांसमोर ठेवली. 'मध्ये वीज गेली' काढायला ते तयार नव्हते, कारण वीज गेल्यावर बायांनी अंधारात म्हटलेलं गाणं त्याच कॅसेटमध्ये आहे आणि तेच सगळ्यात चांगलं आहे म्हणे. शेवटी 'गल्लीतल्या'वर तडजोड झाली. पूर्ण नाव एनएफओत गेलं.

बाइंड माउंट लावून जेलीफिन सुरू केलं, सिनेमांच्या खुणा जशाच्या तशा. घरचे व्हिडिओ दिसत होते पण चालत नव्हते, ते वरच्या फोल्डरच्या परवानगीमुळेच निघालं. आता चेकसमसकट आरसिंकची कोरडी फेरी (कॉपी न करता नुसती पडताळणी) चालू आहे, ती दोन्हीकडचं सगळं पुन्हा वाचते म्हणून वेळ खाते आहे.

दोन फायली मात्र डीडीरेस्क्यूनेही पूर्ण आल्या नाहीत. दोन्ही मिनीडीव्हीच्या. मूळ कॅसेटी नंदुरबारला मावशीकडे आहेत आणि कॅमेराही चालतो, पण त्याला फायरवायरचं (जुन्या कॅमेऱ्यांच्या जोडणीचं) तोंड आहे आणि माझ्या लॅपटॉपला नाही. जळगाव-धुळे पट्ट्यात कुणाकडे फायरवायर कार्ड आहे का?

पांझरापलीकडची

धुळ्यात माझ्या जुन्या डेस्कटॉपमध्ये पीसीआय कार्ड आहे, त्यावर डीव्हीग्रॅब प्रोग्रामने मी माहेरच्या कॅसेटी उतरवल्या आहेत. कार्डाचं तोंड ६ पिनी, कॅमेऱ्याचं बहुधा ४ पिनी असेल, केबल माझ्याकडे आहे. कॅमेरा त्याच्या चार्जरसकट आणा, कॅसेटी आणण्याआधी एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळून घ्या. उतरवायला जेवढ्या तासांची कॅसेट तेवढेच तास लागतात, तेव्हा सकाळच्या एसटीने या.