मदत हवी आहे: सॉलिड कार्बाइड (अख्खे टंगस्टन कार्बाइडचे) आणि एचएसएस (हाय स्पीड स्टील, म्हणजे पोलादी) कटर वेगळे कसे करू?

नमस्कार मंडळी. मी फोंड्याचा. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत काकांचं जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप होतं, ते आता मी बघतो. त्यांच्या कपाटात साठेक एंड मिल (मिलिंगचे कटर) नि ड्रिल निघाले, सगळे एकत्र. शँकवरची (मशीनमध्ये धरायच्या दांड्यावरची) अक्षरं पुसलेली. चवथीनंतर धार लावायला द्यायचेत, पण धारवाले म्हणतात आधी वेगळे करून आण, कार्बाइडच्या डायमंड व्हीलवर एचएसएस घासलं की व्हील बुजतं.

लोहचुंबक लावला, सगळेच चिकटले. कानस दोन्हींवरून घसरते. रंग बघावा तर निम्म्यांवर सोनेरी कोटिंग. शेवटी एक कार्बाइड समजून कार्बाइडच्या जास्त वेगानं एमएसवर (साध्या माइल्ड स्टीलवर) चालवला आणि मिनिटभरात धार निळी पडली. काकांनी जपलेला कटर होता, फार वाईट वाटलं. बाकीचे असे घालवायचे नाहीत. खात्रीचा उपाय सांगा.

प्रतिसाद:
चुंबक खोटं बोलत नाही. कार्बाइडमध्ये बाइंडर म्हणून, म्हणजे कण धरून ठेवायला, कोबाल्ट असतो, त्यामुळे तोही ओढला जातो, पण हलकाच. एचएसएस टपकन चिकटतं. पावसाळ्यात तांबडा गंज धरलाय ते पोलादच. तरी खरी परीक्षा वजनाची. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. कटर दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवून अधांतरी धरा, तळाला टेकू देऊ नका. जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंमी आकारमान. कोरड्या वजनाला त्यानं भागा. ८ च्या आसपास आलं तर एचएसएस, १४-१५ आलं तर कार्बाइड. ठिणग्या बघायला ग्राइंडरवर धरू नका, कार्बाइडची कोबाल्टमिश्रित धूळ फुप्फुसांना वाईट.

धागाकर्ता:
मनापासून आभार! १२ मिमीचे दोन अगदी सारखे दिसणारे कटर, दोन्ही पाण्यात ८ ग्रॅम दाखवतात. कोरडं वजन एकाचं ६५, दुसऱ्याचं ११६! रात्री बसून सगळे वेगळे केले. एकच अडलाय, भागाकार ११ येतो. शँकच्या वर बारीक पितळी रेघ दिसते.

प्रतिसाद:
तो ब्रेझिंगचा, म्हणजे पितळ वितळवून जोडलेला सांधा. वरचं डोकं कार्बाइडचं, शँक पोलादी. धारेला कार्बाइडच्या ढिगात टाका, पण धारवाल्यांना सांधा आधी दाखवा. जास्त तापला तर डोकं सुटेल.