कॉम्प्युटरने वाचून दाखवलेलं: तुमचे अनुभव

पागोळी:
माळ्यावरचा जुना लॅपटॉप काल खाली काढला, फाइली घ्यायच्या होत्या. कुठली तरी बटणं एकत्र दाबली गेली आणि नॅरेटर, म्हणजे विंडोजमधला पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज, बोलायला लागला. तो सपाट आवाज ऐकला आणि हातातलं काम तसंच राहिलं. बाबांची खोली आठवली.

बाबांनी आयुष्यभर मुद्रितशोधन केलं. म्हातारपणी दृष्टीचा मधला भाग गेला. कडेचं दिसायचं, समोरचं अक्षर नाही. वर्षभर पुस्तकाला हात लावला नाही त्यांनी. मग मी त्यांना विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकदम दाबायला शिकवलं. आमच्याकडचा आवाज हिंदी होता, त्यामुळे 'चांगला'तला च 'चार'मधल्यासारखा यायचा. बाबा खुर्चीतून दर वेळी दुरुस्त करायचे, "च़ांगला रे, च़ांगला." शेवटची तीन वर्षं असंच वाचलं त्यांनी. तुमच्याकडे कोणी वापरलंय हे? लिहा ना.

रातपाळी:
रडवलंस गं. सासूबाईंचंही असंच, मधलं दिसत नाही. पण त्यांना मीच वाचून दाखवायला हवं असतं. बाळ उठलं, नंतर लिहिते

टाकबोरू:
मी भाषांतरं करतो. काम पाठवण्याआधी वर्डमध्ये ऑल्ट-कंट्रोल-स्पेस दाबतो आणि डोळे मिटून ऐकतो. गळलेला शब्द डोळा मनानेच भरून घेतो, कान घेत नाही. एकदा एका करारात 'नाही' गळून कलमाचा अर्थच उलटला होता. चार वेळा वाचून सुटलं, ऐकताना सापडलं. ऱ्हस्व-दीर्घ मात्र असं पकडता येत नाही. 'दिन' आणि 'दीन' कानाला सारखेच. वेलांट्या डोळ्यांनीच तपासाव्या लागतात.

पागोळी:
बाबा अगदी हेच म्हणायचे!! वेलांट्यांसाठी मला बोलवायचे.

चिमणघर:
विंडोज एक्सपीमधला सॅम नावाचा वाचणारा आवाज आठवतो का कोणाला? आम्ही भावंडं रोमन अक्षरांत घरच्यांची नावं टाइप करून त्याच्याकडून म्हणवून घ्यायचो आणि हसून लोळायचो. दादाशी खूप दिवसांत बोलणं नाही. आज फोन करते त्याला.

स्पर्शरेषा:
मी जन्मापासून अंध. माझा कॉम्प्युटर म्हणजे हा आवाजच. विंडोज २००० बरोबर नॅरेटर आला, मॅकवर २००५ मध्ये व्हॉइसओव्हर. सोय आतच असण्याचं मोल फार मोठं आहे. मशीन कोणाचंही असो, मी बसते आणि सुरू करते, डोळस माणसाला हाक मारावी लागत नाही. वेग इतका ठेवते की शेजारच्याला नुसती गुणगुण वाटते.

साइट बनवणाऱ्यांना कळकळीची विनंती, बटणांना नावं द्या. एका फॉर्मवर मला फक्त "बटण, बटण, बटण" ऐकू आलं. पैसे कुठे भरायचे कळेना. शेवटी शेजारणीला ओटीपी सांगावा लागला. तो दिवस विसरत नाही.

टाकबोरू:
स्पर्शरेषाताई, मी साइटचा मजकूरही लिहितो आणि चित्रांची वर्णनं द्यायचा कंटाळा करायचो. यापुढे नाही.

गोधडी:
मराठी आवाज मिळतो का? आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे मंगळवारी. चार दिवस वाचायला मिळणार नाही म्हणून आत्तापासून हिरमुसलीय

चिमणघर:
काळजी नको गं, माझ्या आईचं दोन्ही डोळ्यांचं झालं. थेंबांच्या वेळा तेवढ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव.

टाकबोरू:
एज ब्राउझरमध्ये पान उघडा आणि कंट्रोल-शिफ्ट-यू दाबा. आवाजांच्या यादीत मराठीचे आरोही आणि मनोहर आहेत, इंटरनेट चालू लागतं. मजकूर युनिकोडमधला हवा. जुन्या फॉन्टातल्या फाइलीत आत रोमन अक्षरं नि चिन्हंच साठवलेली असतात, अंगावर फक्त देवनागरीचा झगा. आवाज ती चिन्हंच वाचत सुटतो. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो, तिचं आधी ओसीआर करा, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर तयार होतो.

रातपाळी:
बाळ झोपलं. आरोही लावून बघितली. सासूबाईंनी दोन पानं ऐकली आणि म्हणाल्या, "हिला मध्ये श्वास घ्यायला सांग." पण उठल्या नाहीत, तिसरं पान चालू आहे!

पागोळी:
लॅपटॉपवर आत्ता 'उच्चार' नावाची फाइल सापडली. बाबांनी चाचपडत टाइप केलेली. चाक, चूल, जग, जाळं... आवाज चुकायचा ते शब्द, एकूण ४७. मनोहरला लावलंय. 'चाक' बरोबर म्हणाला. पुढचे ऐकते.