मदत हवी आहे: थंडीत गिनीपिगना ताजी भाजी द्यायची की नाही? (सिंहगड रोड, पुणे)

सिंहगडरोडवाली:

नमस्कार. जरा लांबण लागेल, पण सगळं एकदाच सांगते.

आमच्याकडे दोन गिनीपिग आहेत. दोन्ही माद्या, वय साधारण वर्षभर. भर पावसात आणल्या म्हणून लेकाने नावं ठेवली भजी आणि पिठली. पावसाळाभर काही त्रास नव्हता. इमारतीमागच्या मोकळ्या जागेत हरळी माजायची. लेक शाळेतून आला की मूठभर खुडून आणायचा आणि दोघी शेवया ओढाव्यात तशी ती ओढून खायच्या. दिवाळीनंतर गवत वाळलं, म्हणून मी पालक आणला. फ्रिजमधून काढला, धुतला आणि तसाच निथळता पिंजऱ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी दोघींना जुलाब. सासूबाई म्हणाल्या, "अगं, थंडीत पालेभाजी आपल्यालाही बाधते, त्या एवढ्याशा जिवांना नाही का बाधणार?" तेव्हापासून पाला बंद.

आता सुका चारा असतो, पाकिटातलं खाणं असतं (त्यावर सशाचं चित्र आहे, दुकानदार म्हणाला दोघांनाही चालतं), भिजवलेले हरभरे, पोळीचा तुकडा आणि दुपारी काकडी-गाजराच्या दोन-दोन चकत्या.

गेल्या आठ-दहा दिवसांपासून पिठली मलूल आहे. मागचा पाय जपून टाकते, उचललं की किंचाळते, अंगावरचे केस विस्कटल्यासारखे दिसतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तीन आठवड्यांपूर्वी ८२० ग्रॅम भरली होती, आज ७४०. भजी मात्र टुणटुणीत आहे.

पिंजरा गॅलरीत आहे, रात्री वरून गोणपाट टाकतो. हे थंडीने झालं असेल का? भाजी परत सुरू करायची तर कोणती? आणि थोडी वाफवून कोमट दिली तर बाधणार नाही ना? मंडईत सध्या एवढी भाजी येतेय आणि यांच्या ताटात पोळी, हे मलाच बरं वाटत नाहीये.

सशांचा_मामा:

ताई, भाजीचं नंतर बघू. पिठली आज खातेय का? लेंड्या पडताहेत का, आणि नेहमीच्या आकाराच्या आहेत का? गिनीपिगचं पोट सतत चालू लागतं. दहा-बारा तास तोंडात काही गेलं नाही तर आतडी मंदावतात आणि मग प्रकरण हाताबाहेर जातं. खात नसेल तर उद्याची वाट बघू नका. खात असेल तरी पाय जपणं, किंचाळणं आणि ८० ग्रॅम वजन जाणं, हे तिन्ही एकत्र म्हणजे डॉक्टरांना दाखवायलाच हवं. फक्त कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर नकोत. आधी फोन करून विचारा, ससे-गिनीपिग बघता का म्हणून.

आणि ते सशाचं पाकीट. ससा क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतो, त्यामुळे त्याच्या खाण्यात ते घालायची गरज नसते. गिनीपिगला ते तयार करता येत नाही, अगदी तुमच्या-माझ्यासारखंच. तुमच्या यादीत आत्ता क जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. काकडी म्हणजे पाणी, गाजरात ते अगदी थोडं, पोळीत शून्य. पावसाळ्यात हरळीने निभावून नेलं, बाकी काही नाही.

निवृत्त_मास्तर:

मामांच्या मुद्द्याला जोड देतो. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक हे दोघे संशोधक बेरीबेरीचा, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणाऱ्या आजाराचा, अभ्यास करत होते. त्यांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर आणि पावावर ठेवलं. बेरीबेरी झाला नाही, स्कर्व्ही झाला, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार. खलाशांना लांबच्या प्रवासात व्हायचा तोच. ताजा पाला आणि लिंबाचा रस दिला की जनावरं सुधारायची. क जीवनसत्त्वाचा शोध लागण्याच्या वाटेवरचा तो मोठा टप्पा. ताई, राग मानू नका, पण पोळी आणि हरभरे देऊन तुम्ही नकळत तोच प्रयोग घरी केलात. सांधे सुजणं, दुखणं, केस राठ होणं, हिरड्यांतून रक्त येणं ही त्याची लक्षणं. निदान डॉक्टरच करतील.

सिंहगडरोडवाली:

राग कसला सर, पोटात गोळा आला. मामा, खातेय पण कमी. लेंड्या आहेत, जरा बारीक वाटतात. उद्या सकाळची वेळ मिळाली आहे. सासूबाईंना अजून सांगितलं नाही.

मंडईची_पोरगी:

सासूबाई पूर्ण चुकल्या असं नाही हं. फ्रिजमधली गार, ओली भाजी आणि तीही सवय नसताना भरपूर, यानेच पोट बिघडलं असणार. दोष भाजीचा नाही, देण्याच्या पद्धतीचा. भाजी तासभर बाहेर ठेवायची, धुवायची, फडक्यावर पसरून कोरडी करायची. सुरुवातीला एक-दोन पानं, मग तीन-चार दिवस बघायचं, मग दुसरी भाजी. वाफवू मात्र नका. शिजवलं की क जीवनसत्त्व कमी होतं, आणि यांचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यांना कच्चं चावायला लागतं.

रोजची भाजी म्हणून माझ्याकडे पहिला नंबर ढोबळी मिरचीचा. १०० ग्रॅम हिरव्या ढोबळीत साधारण ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. निरोगी गिनीपिगला रोज किलोमागे किमान १० मिलिग्रॅम लागतं, आजारी किंवा गाभण असेल तर ३०पर्यंत. म्हणजे पिठलीला ढोबळीची ३० ग्रॅमची एक फोड पुरते. बिया आणि देठ काढून टाका. लाल ढोबळीत आणखी जास्त असतं, पण ती गोड आणि महागही.

सोबत कोथिंबीर. थंडीत जुडी स्वस्त असते आणि दोघी तिच्यासाठी शिट्ट्या मारतील बघा. मेथी, मुळ्याचा पाला, फ्लॉवरची कोवळी पानं हे आलटून पालटून, थोडं थोडं. पालक आठवड्यातून एखादं पान, त्यात ऑक्सलेट नावाचा क्षार फार, त्याने मूत्राशयात खडे होऊ शकतात. शेवग्याचा पाला सगळे "पौष्टिक पौष्टिक" म्हणून सुचवतील. क जीवनसत्त्व आहे खरं, पण कॅल्शियमही भरमसाट, तेव्हा रोज नकोच. कोबीने गॅस होतो. थंडीतलं ते लालचुटूक गाजर गोड असतं, नखाएवढी चकती पुरे. कांदा, लसूण, बटाटा कधीच नाही. आणि पुढे संक्रांत आहे, लेकाला तिळगूळ भरवू देऊ नका. माझ्या भाच्याने भरवला होता!

दुर्वांचीही आठवण ठेवा. हरळी म्हणजेच दुर्वा. मंडईत फुलवाल्यांकडे जुड्या मिळतात, संकष्टीला जरा महाग. फवारलेल्या नाहीत ना, हे विचारून घ्या आणि दोन-तीन पाण्यांत धुवा.

नवाच_आलोय:

माझ्या ओळखीचे एक जण क जीवनसत्त्वाची गोळी पाण्याच्या बाटलीत विरघळवतात. सोपं पडेल ना?

सशांचा_मामा:

नको. पाण्यात ते लवकर नष्ट होतं, पाण्याची चव बदलते आणि जनावर पाणी पिणंच कमी करतं. किती पोटात गेलं तेही कळत नाही. लागलंच तर डॉक्टर सांगतील त्या मापाने सुईशिवायच्या सिरिंजने तोंडात. आणखी एक, घरातली माणसांची अँटिबायोटिक्स द्यायची नाहीत. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन या जातीची औषधं गिनीपिगच्या आतड्यांतले चांगले जिवाणू मारतात आणि जनावर दगावतं.

पाषाणकर:

थंडीचं कुणी बोलेना म्हणून लिहितो. १८ ते २४ अंशांत ही जनावरं सुखात असतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली जातो आणि आमच्याकडे टेकडीच्या बाजूला तर आणखी झोंबतं. पिंजरा रात्री घरात घ्या. गोणपाटाने वारा अडत नाही. आत चारा भरपूर भरा, त्या त्यात शिरूनही बसतात आणि खातातही. ताटातला ऐंशी टक्के भाग चाराच हवा, भाजी ही वरची चटणी.

सिंहगडरोडवाली:

तीन दिवसांनी लिहितेय. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की क जीवनसत्त्वाची कमतरता आहे. मागच्या दोन्ही गुडघ्यांना सूज, हिरड्या नाजूक. दात ठीक आहेत. रोज तोंडाने द्यायचे थेंब आणि वेदनेचं औषध दिलं आहे. दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. भजीलाही लक्षणं नसली तरी थेंब सुरू केले, कारण ताट एकच होतं. सशाचं पाकीट मी शेजारच्यांना दिलं, त्यांच्याकडे खरंच ससा आहे.

पिंजरा आता बैठकीत आहे, टीव्हीपासून लांब. पिठलीने काल पहिल्यांदा ढोबळी संपवली. वजन ७४५. पाच ग्रॅमला काय अर्थ आहे म्हणा, पण मी काट्यावर तीनदा ठेवून बघितलं.

सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. आज सकाळी कोथिंबीर निवडून, पंचावर वाळत घालून, त्यांनीच दोन वाट्या भरून ठेवल्या. फक्त एक विचारायला सांगितलंय: मटार सोलताना निघालेल्या शेंगांच्या साली चालतील का? टाकायला जिवावर येतं म्हणाल्या.

मंडईची_पोरगी:

कोवळ्या असतील तर एका वेळी एक-दोन, चालतील. आतले दाणे नकोत. आजींना सांगा, मक्याच्या कणसाचं हिरवं पानही टाकू नका. ते तर त्या भांडून खातील.