ठाणे-नवी मुंबईत रोज घालायचे कपडे तुम्ही कसे निवडता?

लग्नाकार्याच्या कपड्यांवर भरपूर बोललं जातं, पण सकाळी घालून स्टेशन गाठायचं, दिवसभर एसीत बसायचं आणि संध्याकाळी घामेजून परत यायचं, हे सगळं सोसणाऱ्या कपड्यांवर फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हा धागा. तुमच्याकडे काय टिकलं ते लिहा. माझी कसोटी एकच, जुलैत रात्री धुतलेला कपडा पंख्याखाली सकाळपर्यंत वाळला पाहिजे. जीन्स तिथेच बाद, जून ते सप्टेंबर ती वरच्या फळीवर.

ऐरोलीहून
कापडाच्या लाइनमध्ये आहे म्हणून सांगतो. हवेत 65% आर्द्रता असली की सुती कापड वजनाच्या साधारण 8.5% ओल धरून ठेवतं, पॉलिएस्टर जेमतेम 0.4%, आणि पावसाळ्यात आपल्याकडची हवा त्याहून बरीच दमट असते. पॉलिएस्टर वाळतं पटकन, पण ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत तेच अंगाला चिकटतं आणि घामाचा वास धुऊनही पूर्ण जात नाही. म्हणून रोजच्या शर्टाला कॉटन जास्त-पॉलिएस्टर कमी असं पातळ मिक्स घ्या. टीशर्ट घेताना जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, विचारा, 160 ते 180 पुरे. 240 वाले दिसायला भारी, पण पावसात दुसऱ्या दिवशीही ओलसर.

नौपाड्यातून
मी रेडीमेड कुर्ते जवळपास बंदच केलेत. मापाचा एक कुर्ता टेलरकाकांकडे कायमचा ठेवलाय, जांभळी नाक्याला सुती कापड घ्यायचं, 44 इंच पन्हा असेल तर गुडघ्याखालच्या कुर्त्याला अडीच मीटर धरायचं, रात्रभर साध्या पाण्यात भिजवून वाळवायचं म्हणजे काय आटायचं ते आधीच आटतं, आणि मगच शिवायला द्यायचं. काकांना दरवेळी सांगते, उजवीकडे मोबाइल बसेल एवढा खोल खिसा आणि बाजूच्या शिवणीत भरपूर माया सोडा. बाळंतपणानंतर तेच कुर्ते उसवून मोठे केले, आता परत आत घेतलेत. नवं कापड घ्यावंच लागलं नाही! खाली काळी, ऑफव्हाइट आणि नेव्ही एवढ्याच पँट, त्यामुळे कुठलाही कुर्ता कशावरही जातो आणि सकाळी मुलीचा डबा भरता भरता विचार करावा लागत नाही.

नेरुळहून
शाळेत साडीच लागते. खळ घालून कडक केलेल्या कॉटनच्या साड्या हिवाळ्या-उन्हाळ्यात, पावसात मात्र सिंथेटिकच, कारण चिखलाने भरलेला काठ नुसत्या पाण्याने निघतो. ब्लाउज काळा, मरून आणि सोनेरी, तिन्ही चांगल्या टेलरकडून शिवलेले, त्यावर बहुतेक साड्या निभावतात.

घणसोलीहून
वरती जीन्स बाद केलीय ते पटलं नाही. बाइकवर जाणाऱ्याला जाड कापडच हवं. मी वरून रेनपँट घालतो, जीन्स भिजतच नाही.

कळव्यातून
रेयॉनचे कुर्ते कुणी रोज वापरतं का? माझे पटकन विरतात.

नौपाड्यातून
रेयॉन ओलं झालं की त्याची ताकद बरीच कमी होते. मशीनमध्ये जोरात फिरवू नका, हाताने पिळूही नका. दाबून पाणी काढा आणि सावलीत दांडीवर आडवं टाका, खांद्यात लटकवलं तर ओल्या वजनाने लांबतं.