सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य का होतो?

रकाना_शोधक

एका सिस्टिममधून सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) येते. त्यात एक रकाना १३ अंकी कोडचा, दुसरा १६ अंकी क्रमांकाचा. डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की ४.८२६१४ई+१५ असं दिसतं. फॉरमॅट सेल्समध्ये जाऊन 'नंबर' निवडलं आणि डेसिमल शून्य केले, तर १३ अंकी नीट दिसतात. १६ अंकीचा शेवटचा अंक मात्र सगळीकडे शून्य! ४८२६१३५७०९२६४८१७ चा ४८२६१३५७०९२६४८१० होतो. काही १३ अंकी कोडची सुरुवातीची शून्यंही गळतात. 'टेक्स्ट' फॉरमॅट देऊनही काही फरक पडत नाही. ही यादी पुढे दुसऱ्या शीटशी जुळवायची आहे. नेमकं काय करावं?

सूत्रधार

तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या आधी सुट्या करा.

ई+१५ (म्हणजे गुणिले १० चा १५ वा घात) हा नुसता दिसण्याचा प्रकार आहे. 'जनरल' फॉरमॅटमध्ये १२ किंवा जास्त अंकांची संख्या आली की एक्सेल ती अशी आखडून दाखवतं. आत १५ अंकांपर्यंतची संख्या शाबूत असते, म्हणून १३ अंकी रकाना फॉरमॅट बदलल्यावर ठीक दिसला. (फॉरमॅट बदलल्यावर #### दिसलं तर रकाना अरुंद आहे, एवढंच.)

शेवटचा शून्य हा मात्र खरा तोटा आहे. एक्सेल संख्या ६४ बिटांत साठवतं आणि १५ सार्थ अंकच (पहिल्या शून्येतर अंकापासून मोजलेले) राखतं, सोळाव्यापासून पुढे शून्यं भरतं. ६४ बिटांच्या या पद्धतीत ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच प्रत्येक पूर्णांक नेमका मावतो. म्हणजे १६ अंकी संख्यांपैकी काही मावतात, काही नाही. १५ अंकांची मात्र पूर्ण हमी असते. एकदा गेलेला अंक कुठल्याही फॉरमॅटने परत येत नाही, मूळ फाइलकडेच जावं लागतं.

'टेक्स्ट' नंतर देऊन उपयोग का नाही? सेलमध्ये संख्या आधीच बसलेली असते. फॉरमॅट बदलल्याने तिचा मजकूर होत नाही, तो पुन्हा एंट्री केल्यावरच होतो. आणि १६ अंकीच्या बाबतीत तोवर सोळावा अंक गेलेला असतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी फॉरमॅट, मग डेटा. हाताने टाइप करताना रकाना निवडा, कंट्रोल+१ दाबून 'टेक्स्ट' करा आणि मग लिहा. एखाद-दुसऱ्याच सेलसाठी क्रमांकाआधी ' हे एकेरी अवतरणचिन्ह टाकलं तरी चालतं.

साधी कसोटी सांगतो. ज्या आकड्याची बेरीज-वजाबाकी कधीच करणार नाही, तो मजकूर म्हणूनच ठेवायचा. क्रमांक, कोड, ओळख-नंबर सगळे यात आले.

डेटा_हमाल

सीएसव्हीवर डबल-क्लिक करणंच बंद करा, मूळ तिथेच आहे. त्या फाइलमध्ये फॉरमॅट नसतोच, त्यामुळे एक्सेल स्वतः अंदाज बांधतं.

रिकामी वर्कबुक उघडा. डेटा टॅब, 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही', फाइल निवडा. पूर्वदृश्य येईल, तिथे 'लोड' दाबू नका, 'ट्रान्सफॉर्म डेटा' दाबा. दोन्ही रकान्यांच्या शीर्षकाशेजारी १२३ असं चिन्ह असेल, त्यावर क्लिक करून 'टेक्स्ट' निवडा. मग एक प्रश्न येतो, तिथे 'रिप्लेस करंट' घ्यायचं. दुसरा पर्याय घेतलात तर आधी संख्या आणि मग तिचा मजकूर होतो, त्यात सुरुवातीची शून्यं परत येत नाहीत. शेवटी 'क्लोज अँड लोड'.

इथे एक फसवी जागा आहे. पूर्वदृश्यात सोळाही अंक बरोबर दिसतात, म्हणून माणूस तसंच लोड करतो. रकाना संख्या म्हणून शीटमध्ये उतरताना अंक जातो. आणि पहिल्या ओळीला शीर्षक करण्याचा आदेश तुम्ही नंतर दिलात, तर उजवीकडच्या पायऱ्यांच्या यादीत 'चेंज्ड टाइप' ही पायरी आपोआप वाढू शकते. ती दिसली तर काढून टाका आणि प्रकार स्वतः ठरवा.

गुगल शीट्समध्ये फाइल मेनूतून इम्पोर्ट करताना मजकुराचं संख्या, तारीख, फॉर्म्युल्यात रूपांतर करण्याची जी खूण असते, ती काढा. लिबरऑफिस कॅल्क फाइल उघडताना स्वतःच चौकट दाखवतं. तिथे खालच्या नमुन्यात रकान्यावर क्लिक करून 'कॉलम टाइप' टेक्स्ट करा.

सूत्रधार

जुळवणीबद्दल राहिलं होतं. व्हीलुकअप किंवा एक्सलुकअप (दुसऱ्या यादीतून जुळणारी नोंद शोधणारी फंक्शन्स) मजकूर आणि संख्या वेगळे मानतं, त्यामुळे एका शीटमध्ये संख्या आणि दुसऱ्यात मजकूर असेल तर डोळ्यांना सारखं दिसूनही #एन/ए (सापडलं नाही) येतं. संख्येच्या बाजूला 'टेक्स्ट' फंक्शन लावा आणि फॉरमॅटच्या जागी अवतरणचिन्हांत तेरा शून्यं द्या. गळलेली सुरुवातीची शून्यंही त्यातून परत येतात, कारण कोडची लांबी ठरलेली आहे. हा उपाय १५ अंकांपर्यंतच चालतो.

आता खरी काळजी घ्यायची ती काउंटइफची (निकषाला जुळणारे सेल मोजणारं फंक्शन). सेलमध्ये मजकूर असला तरी हे फंक्शन निकष संख्या म्हणून वाचतं, म्हणून पहिले १५ अंक सारखे असलेले दोन वेगळे क्रमांक त्याला एकच वाटतात. डुप्लिकेट शोधताना हे हमखास चुकवतं. निकषाच्या सेलला & ने "*" जोडा, म्हणजे तुलना मजकुराची होते. नाहीतर सरळ = ने तुलना करून समप्रॉडक्ट फंक्शनने मोजा.

रकाना_शोधक

सोळाही अंक आले, आभार! आता प्रत्येक सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतोय. शिवाय काम झाल्यावर फाइल पुन्हा सीएसव्ही करूनच द्यायची आहे.

डेटा_हमाल

त्रिकोण म्हणजे 'संख्या मजकूर म्हणून साठवली आहे' ही सूचना. तुम्हाला तेच हवं आहे. सगळा रकाना निवडून 'इग्नोर एरर' करा. 'कन्व्हर्ट टू नंबर' चुकूनही दाबू नका, सोळावा अंक पुन्हा जाईल.

सीएसव्ही करताना एक्सेल सेलमध्ये जे दिसतं तेच लिहितं. ई+१५ दिसत असताना सेव्ह केलंत तर फाइलमध्ये अक्षरशः ४.८२६१४ई+१५ जातं आणि पुढच्या वेळी ४८२६१४०००००००००० उघडतं. मजकूर रकान्यात हा धोका नाही. सेव्ह झाल्यावर तपासायला ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा, एक्सेलमध्ये नको. आणि तुमची कामाची प्रत एक्सएलएसएक्समध्ये (एक्सेलच्या स्वतःच्या फाइल प्रकारात) वेगळी ठेवा, कारण 'टेक्स्ट' फॉरमॅट त्यातच टिकतो.